हवा काढली की वीज का धावते? टेस्टरच्या दिव्यापासून कॅथोड किरणांपर्यंत

घरात एखादा स्विच चालेना झाला की आधी टेस्टर शोधला जातो. टोक सॉकेटच्या भोकात घालायचं, मागच्या धातूच्या टोपणाला बोट लावायचं, आतला नारिंगी ठिपका पेटला की "लाइट आहे" म्हणायचं आणि पुढच्या कामाला लागायचं. पण तो ठिपका कधी नीट निरखून बघितलाय का? त्यात फिलामेंट नाही, तापून लाल होणारी तार नाही. काचेच्या इवल्याशा नळीत धातूच्या दोन काड्या आहेत, त्या एकमेकींना टेकलेल्या नाहीत, मधे फट आहे आणि त्या फटीत थोडासा निऑन गॅस आहे. वीज त्या गॅसमधून जाते आणि जाताना त्याला उजळवते.

आता शाळेत आपण शिकलो की हवा किंवा कुठलाही गॅस वीज वाहू देत नाही. ते खरंच आहे, म्हणून तर खांबांवरच्या तारा उघड्या असल्या तरी चालतं. मग टेस्टरमधल्या गॅसला काय झालं?

मी बारावीच्या मुलांना फिजिक्स शिकवतो. दर वर्षी मुलं कॅथोड किरणांचे (हवा काढलेल्या काचेच्या नळीत ऋण टोकाकडून निघणाऱ्या इलेक्ट्रॉनांचे) गुणधर्म धडाधड म्हणून दाखवतात, सरळ रेषेत जातात, ऋण भार असतो, चुंबकाने वळतात, काचेवर हिरवी चमक पाडतात. पण नळीतला गॅस कमी केला की वीज जास्त सहज का जाते, हा प्रश्न क्वचितच कुणी विचारतं. खरं तर गंमत तिथेच आहे. सामान काढून घेतलं की वाहतूक सुरू होते, आणखी काढलं की पुन्हा बंद पडते, असं का? याचं उत्तर एकदा कळलं ना की टेस्टर, ट्यूबलाइट, जुना टीव्ही, निऑनच्या पाट्या, सगळं एकाच सुतात ओवलेलं दिसतं. ते सूत म्हणजे इलेक्ट्रॉनला दोन टकरींच्या मधे मिळणारी मोकळी धाव.

समजा गल्लीत क्रिकेट चाललंय आणि फास्ट बॉलरला रनअप घ्यायचाय, पण गल्लीत एवढी वर्दळ की दोन पावलं टाकली की कुणाला तरी धक्का लागतो. पुन्हा थांबा, पुन्हा पळा. अशा बॉलरचा बॉल स्टंपपर्यंत पोचला तरी बेल उडणार नाही. गल्ली थोडी मोकळी झाली की त्याला दहा-पंधरा पावलं सलग मिळतात, मग वेग येतो, मग दांडी उडते.

हवेतल्या इलेक्ट्रॉनचं अगदी हेच होतं. नेहमीच्या हवेत एका घन सेंटिमीटरमध्ये साधारण अडीच लाख कोटी कोटी रेणू असतात. त्या गर्दीत इलेक्ट्रॉनला टक्कर न होता जेमतेम मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी अंतर पळता येतं. आणि इथे दांडी उडवणं म्हणजे काय, तर समोरच्या रेणूतून आणखी एक इलेक्ट्रॉन ठोकून बाहेर काढणं. नायट्रोजनच्या रेणूतून इलेक्ट्रॉन काढायचा तर येणाऱ्या इलेक्ट्रॉनने साडेपंधरा व्होल्टच्या फरकातून पळून मिळते निदान तेवढी ऊर्जा गोळा केलेली असायला लागते. ती गोळा होते फक्त पळताना, दोन टकरींच्या मधे. पळायला जागाच नसेल तर ऊर्जा कुठून येणार, म्हणून नेहमीच्या हवेत इलेक्ट्रॉन रेणूंवर नुसता आपटत, भरकटत राहतो, कुणाला फोडू शकत नाही.

मग उपाय दोन. एक तर व्होल्टेज एवढं प्रचंड लावा की दोन पावलांतच वेग येईल. हे आकाशातल्या विजेत होतं, गॅस पेटवायच्या लायटरच्या ठिणगीत होतं. एक सेंटिमीटर हवेत ठिणगी पाडायला साधारण ३० हजार व्होल्ट लागतात. (अंतराचा सरळ हिशोब केला तर याहून बरेच जास्त लागायला हवेत, पण प्रत्येक टकरीत सगळी ऊर्जा जात नाही आणि काही इलेक्ट्रॉनांना नशिबाने लांब धाव मिळते, म्हणून ३० हजारांत भागतं.) दुसरा उपाय म्हणजे गर्दी कमी करा, पंप लावून हवा काढा.

आणि एकदा का पहिली दांडी उडाली की काम वाढत जातं. एका इलेक्ट्रॉनने एक रेणू फोडला की दोन इलेक्ट्रॉन झाले, दोघं पळाले आणि दोघांनी फोडलं की चार, मग आठ, अशा दहा पायऱ्यांत हजाराच्या वर आणि वीस पायऱ्यांत दहा लाखांच्या वर. याला हिमकड्यासारखी कोसळण म्हणतात, जॉन टाउनसेंडने १९०० च्या आसपास याचं गणित बसवलं. पहिला इलेक्ट्रॉन कुठून आला असं कुणी विचारलं तर त्याचं उत्तर आहे अवकाशातून सतत येणारे वैश्विक किरण आणि जमिनीतला थोडासा किरणोत्सार, यांच्यामुळे हवेत मोजके मोकळे इलेक्ट्रॉन कायम असतातच.

पण एवढ्याने भागत नाही, कारण ही कोसळण एकदा धनाग्रापाशी, म्हणजे नळीच्या धन टोकापाशी, पोचली की संपली. वीज चालू राहायची तर ऋणाग्रापासून, म्हणजे ऋण टोकापासून, पुन्हा नवा इलेक्ट्रॉन निघाला पाहिजे. हे काम करतात फुटलेल्या रेणूंचे उरलेले तुकडे, म्हणजे धन आयन. त्यांना ऋणाग्र ओढतं, ते जाऊन त्या धातूवर आदळतात आणि बऱ्याच आयनांपैकी एखादा तिथून एक इलेक्ट्रॉन उडवून देतो. इलेक्ट्रॉन या दिशेला, आयन त्या दिशेला, आणि चक्र स्वतःच्या जोरावर फिरायला लागतं. आयनांचा हा उलटा प्रवास लक्षात ठेवा, शेवटी परत लागणार आहे.

१८८९ मध्ये फ्रीड्रिश पाशेन नावाच्या जर्मन माणसाने पद्धतशीर मोजून बघितलं की कुठल्या दाबाला, किती अंतरात, किती व्होल्टला गॅस फुटतो. त्याचे आकडे मला फार आवडतात. हवेचा नेहमीचा दाब म्हणजे पाऱ्याचा ७६० मिलिमीटर उंच स्तंभ, तिथे एक सेंटिमीटरला ३० हजार व्होल्ट. हवा काढत काढत दाब अर्ध्या मिलिमीटरच्या जरा वर आणला की त्याच एक सेंटिमीटरला फक्त ३३० व्होल्टच्या आसपास पुरतात! जवळपास नव्वद पट फरक. आणि त्याच्याही खाली गेलात की व्होल्टेज परत चढायला लागतं, झपाट्याने, कारण आता गल्ली एवढी रिकामी झाली की बॉलर सुसाट पळतोय पण समोर स्टंपच नाहीत. इलेक्ट्रॉनकडे ऊर्जा भरपूर आहे, फोडायला रेणूच भेटत नाही.

यातून एक चमत्कारिक गोष्ट घडते जी हिटॉर्फ नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने करून दाखवली होती. खूप कमी दाबाच्या नळीत दोन टोकं अगदी जवळजवळ ठेवली आणि त्यांना जोडणारी एक लांबलचक वळणावळणाची बाजूची नळी पण लावली, तर वीज जवळची वाट सोडून लांबचा वळसा घेते. जवळच्या वाटेवर पुरेसे रेणू भेटत नाहीत, लांबच्या वाटेवर भेटतात. मुलांना हे सांगितलं की आधी विश्वास बसत नाही, मग मोकळ्या धावेचं गणित आठवतं आणि चेहरे उजळतात.

आता हे डोळ्यांनी कसं दिसतं ते सांगतो. साधारण अर्धा मीटर लांबीची काचेची नळी, दोन्ही टोकांना धातूच्या चकत्या, एक ऋणाग्र म्हणजे कॅथोड आणि एक धनाग्र म्हणजे अॅनोड, इंडक्शन कॉइलने (व्होल्टेज वाढवणाऱ्या तारेच्या गुंडाळीने) काही हजार व्होल्ट लावलेले, आणि खाली पंप. सुरुवातीला काहीच नाही. दाब दहा मिलिमीटरच्या आसपास आला की नागमोडी जांभळट धागे तडतड आवाज करत धावतात. आणखी खाली, पाच-एक मिलिमीटरला, ते धागे पसरतात आणि जवळजवळ सगळी नळी गुलाबीसर उजेडाने भरते. एक मिलिमीटरच्या खाली त्या उजेडात अंधाराचे पट्टे पडायला लागतात, कॅथोडजवळ एक, थोडं पुढे दुसरा. आणखी काढलं की अॅनोडकडचा लांब उजेड चकत्यांच्या माळेसारखा तुकड्या-तुकड्यांत मोडतो. आणि ०.०१ मिलिमीटरला कॅथोडजवळचा अंधार वाढत वाढत सगळी नळी व्यापतो, गॅसचा उजेड संपतो, आणि त्याच वेळी समोरची काचच हिरवट चमकायला लागते.

पुस्तकात या पट्ट्यांची नावं असतात, क्रूक्सचा अंधार, फॅराडेचा अंधार, ती पाठ करून घेतली जातात आणि विषय संपतो. खरं तर तो सगळा इलेक्ट्रॉनच्या प्रवासाचा नकाशा आहे, डावीकडून उजवीकडे वाचता येतो. कॅथोडमधून इलेक्ट्रॉन निघतो तेव्हा तो मंद असतो. कॅथोडला लागूनच व्होल्टेजचा मोठा उतार असतो, शेकडो व्होल्ट तेवढ्याशा जागेत, तिथे तो वेग पकडत असतो, म्हणून तिथे फारसा उजेड नाही, तो क्रूक्सचा अंधार. वेग भरपूर झाला, रेणू फोडले, चेतवले, तिथे झगझगीत पट्टा, त्याला ऋण दीप्ती म्हणतात. त्या टकरींत ऊर्जा खर्च झाली, इलेक्ट्रॉन दमला, परत अंधार, हा फॅराडेचा, १८३८ मध्ये त्याने पहिल्यांदा पाहिलेला. मग पुढे हळूहळू पुन्हा वेग पकडून लांब उजेडाचा पट्टा, तो धन स्तंभ. आणि त्या माळेसारख्या चकत्या म्हणजे इलेक्ट्रॉन पुन्हा पुन्हा वेग घेतात, खर्च करतात, वेग घेतात, खर्च करतात, त्याच्या खुणा.

नळी लांब केली तर बाकीचे पट्टे तेवढेच राहतात, फक्त धन स्तंभ लांबतो. म्हणून निऑनच्या पाट्यांमध्ये काचेची नळी वाकवून हवी तेवढी लांब अक्षरं करता येतात, जॉर्ज क्लोदने १९१० साली पॅरिसच्या मोटार प्रदर्शनात असे दिवे लावून दाखवले होते. आणि उलट टेस्टरमध्ये दोन काड्या इतक्या जवळ असतात की धन स्तंभाला जागाच नसते, आपल्याला दिसतो तो ठिपका म्हणजे फक्त ऋण दीप्ती, काडीला बिलगून बसलेली. स्विचबोर्डवरच्या लाल-नारिंगी इंडिकेटरमध्ये बघा, दोन्ही काड्या उजळलेल्या दिसतात कारण घरातली वीज सेकंदाला ५० आवर्तनं करते आणि दोघी आळीपाळीने कॅथोड होतात. तोच दिवा योग्य रेझिस्टर लावून पुरेशा व्होल्टच्या डीसीवर पेटवला तर एकच काडी उजळते, जी ऋण बाजूला असेल ती.

ट्यूबलाइटवर जरा थांबतो, कारण ती आपल्या घरातली सगळ्यात मोठी डिस्चार्ज ट्यूब (गॅसमधून वीज नेणारी नळी) होती आणि आता एलईडीमुळे निघून चाललीये. चार फुटी ट्यूबमध्ये काही मिलिमीटर दाबाचा आरगॉन आणि पाऱ्याचा अगदी थोडा, मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही कमी दाबाचा वाफारा असतो. इलेक्ट्रॉन पाऱ्याच्या अणूला धडकतात, अणू ४.९ व्होल्टएवढी ऊर्जा घेतो आणि २५४ नॅनोमीटरचा अतिनील किरण सोडतो, जो आपल्याला दिसत नाही. काचेच्या आतून लावलेली पांढरी पावडर त्या किरणाला दिसणाऱ्या उजेडात बदलते. हाच ४.९ चा आकडा १९१४ मध्ये फ्रँक आणि हर्ट्झ या दोघांना (हा गुस्ताव्ह हर्ट्झ, पुढे ज्याचं नाव येईल त्या हाइनरिश हर्ट्झचा पुतण्या) पाऱ्याच्या वाफेत सापडला होता आणि अणू ठरावीक मापातच ऊर्जा घेतो हे त्यातून दिसलं. म्हणजे एवढी मोठी गोष्ट आपल्या माजघरात रोज संध्याकाळी घडत होती.

आणि स्टार्टर! तो पांढरा डबीसारखा गोल स्टार्टर उघडला तर आत अजून एक छोटी डिस्चार्ज नळी निघते. बटण दाबलं की आधी ती पेटते, तिच्या उष्णतेने आतली दोन धातूंची पट्टी वाकून चिकटते, त्यामुळे ट्यूबच्या दोन्ही टोकांच्या फिलामेंटमधून करंट जाऊन त्या तापतात, तेवढ्यात स्टार्टर थंड होऊन पट्टी सुटते, आणि सुटताक्षणी चोक, म्हणजे पट्टीतली ती तारेची जड गुंडाळी, शेकडो व्होल्टचा झटका देतो. त्या झटक्याने ट्यूबमधला गॅस फुटतो. "ट्यूब उशिरा पेटली" असं आपण जे म्हणतो त्या उशिरामागे हे एवढं सगळं असतं. व्होल्टेज कमी असलं की झटका पुरत नाही आणि ट्यूब लुकलुकत बसते. एकदा पेटली की ट्यूबवर साधारण शंभर व्होल्टच राहतात, तेवढ्याने स्टार्टर पुन्हा पेटत नाही, म्हणून पेटल्यावर स्टार्टर काढून घेतला तरी ट्यूब चालू राहते. चोकचं दुसरं काम याहून महत्त्वाचं आहे. गॅसमध्ये करंट वाढला की आयन वाढतात, आयन वाढले की वाट अजून सोपी होते, करंट अजून वाढतो, म्हणजे लगाम नसेल तर ट्यूब स्वतःला जाळून घेईल. तो लगाम म्हणजे चोक.

आता पंपाकडे येऊ, कारण हा सगळा इतिहास मला तरी पंपांचा इतिहास वाटतो. बॉनमध्ये हाइनरिश गाइसलर नावाचा काचकाम करणारा कारागीर होता, त्याने १८५५ च्या सुमारास पाऱ्याचा पंप बनवला ज्याने आधीच्या पंपांपेक्षा खूप चांगला व्हॅक्यूम मिळायला लागला. त्याच्या रंगीबेरंगी नळ्या घेऊन बॉनचेच प्राध्यापक युलियस प्ल्यूकर यांनी १८५८ मध्ये पाहिलं की काचेवरची हिरवी चमक चुंबक जवळ नेला की सरकते. त्यांचा विद्यार्थी हिटॉर्फ, त्याने १८६९ मध्ये वाटेत वस्तू ठेवली तर काचेवर तिची सावली पडते हे दाखवलं. म्हणजे कॅथोडमधून काहीतरी सरळ रेषेत निघतंय. १८७६ मध्ये ओयगेन गोल्डस्टाइनने त्या "काहीतरी"ला नाव दिलं, कॅथोड किरण.

इथे परत मोकळी धावच आहे बघा. ०.०१ मिलिमीटर दाबाला इलेक्ट्रॉनची मोकळी धाव काही सेंटिमीटर होते, त्याहून कमी दाबाला तर नळीच्या लांबीएवढी किंवा जास्त. वाटेत कुणी अडवत नाही, मग तो सरळ जाऊन समोरच्या काचेवर आदळतो आणि काच चमकते. कॅथोड किरण नवीन तयार होत नाहीत, ते आधीपासून नळीत होतेच, गर्दीत हरवलेले होते. गर्दी हटली आणि ते दिसले.

लंडनमध्ये विल्यम क्रूक्सने १८७० च्या दशकात व्हॅक्यूम अजून पुढे नेला, हवेच्या दाबाच्या दहा लाखाव्या भागापर्यंत. (एवढा रिकामा केला तरी एका घन सेंटिमीटरमध्ये २५ लाख कोटी रेणू उरतात, "निर्वात" शब्दाने फसू नका.) त्याने नळीत धातूचा क्रॉस ठेवून त्याची स्वच्छ सावली पाडून दाखवली आणि काचेच्या रुळांवर छोटं पंख्याचं चाक ठेवलं, जे किरण पडले की फिरत पुढे सरकतं. या चाकाबद्दल मला जरा स्पष्ट बोलायचंय. अनेक पुस्तकांत अजून लिहिलेलं असतं की किरणांच्या धक्क्याने चाक फिरतं म्हणून किरणांना संवेग आहे हे सिद्ध झालं. किरणांना संवेग आहे हे बरोबर, पण चाक त्याने फिरत नाही. जे. जे. थॉमसनने पुढे हिशोब करून सांगितलं की तो धक्का इतका बारीक आहे की चाक हलणार नाही, ते फिरतं कारण किरणांनी पात्याची एक बाजू तापते आणि उरलेला गॅस त्या बाजूने जास्त ढकलतो. शंभर वर्षांहून जुनी दुरुस्ती आहे ही, आपल्या मुलांच्या पुस्तकांपर्यंत आता तरी यायला हवी.

मग भांडण सुरू झालं. बरेच जर्मन शास्त्रज्ञ म्हणायचे हे प्रकाशासारखे तरंग आहेत, इंग्रज म्हणायचे हे विद्युतभारित कण आहेत. हाइनरिश हर्ट्झने १८८३ मध्ये साधी कसोटी लावली, भारित कण असतील तर धन आणि ऋण पट्ट्यांच्या मधून जाताना वळले पाहिजेत. त्याने पाहिलं, वळत नव्हते. पुढे त्यालाच दिसलं की किरण पातळ धातूच्या पत्र्यातून आरपार जातात, आणि त्याचा सहकारी फिलिप लेनार्डने नळीला अॅल्युमिनियमची अतिशय पातळ खिडकी बसवून किरण बाहेरच्या हवेत काढून दाखवले. पत्र्यातून अणू-रेणू थोडेच जातील? म्हणजे तरंगच असणार. आज आपल्याला हे चुकलेलं वाटतं, पण त्या वेळी हातात असलेल्या पुराव्यावरून हर्ट्झचं म्हणणं बरोबर वाटावं असंच होतं. दुसरीकडे १८९५ मध्ये फ्रान्समध्ये ज्याँ पेरँने किरण एका धातूच्या डब्यात पकडले आणि डब्यावर ऋण भार जमा झाला. आता काय करायचं, भार तर आहे, पण पट्ट्यांमध्ये वळत नाहीत.

चूक पंपात होती. हर्ट्झच्या नळीत जो गॅस उरला होता त्याला किरणांनी फोडून आयन केले, ते आयन पट्ट्यांवर जाऊन बसले आणि पट्ट्यांचा परिणाम झाकून टाकला. केंब्रिजमध्ये थॉमसनला हा संशय आला आणि १८९७ मध्ये त्याने खूप चांगला व्हॅक्यूम करून तोच प्रयोग पुन्हा केला. थॉमसनचा हात उपकरणांत फार चालत नसे, काचकाम करायचा त्याचा मदतनीस एबेनेझर एव्हरेट, आणि माझ्या मते या शोधात त्याचं नाव मोठ्याने घेतलं पाहिजे, कारण ती नळी गळली असती तर काहीच झालं नसतं. या वेळी किरण वळले, धन पट्टीकडे.

पुढची युक्ती सोपी आणि सुंदर आहे. चुंबक किरणांना एका बाजूला वळवतो, विद्युत पट्ट्या उलट बाजूला वळवतात, दोन्ही असे जुळवायचे की किरण सरळ जाईल. त्या जुळणीतून वेग निघतो. मग एक बंद करून किती वळतो ते मोजायचं, त्यातून कणाचा भार आणि वस्तुमान यांचं गुणोत्तर निघतं. ते निघालं हायड्रोजन आयनापेक्षा हजार पटीहून मोठं, आजचा आकडा १८३६ पट आहे. म्हणजे एक तर भार प्रचंड आहे किंवा वस्तुमान अतिशय कमी, आणि दोन वर्षांत भार वेगळा मोजून कळलं की वस्तुमानच इवलंसं आहे. नळीत हवा भरा, हायड्रोजन भरा, कार्बन डायऑक्साइड भरा, कॅथोड अॅल्युमिनियमचा घ्या नाहीतर प्लॅटिनमचा, उत्तर तेच येत होतं. म्हणजे हा कण कुठल्या एका पदार्थाचा नाही, सगळ्यांच्याच पोटात आहे. अणू म्हणजे अविभाज्य, ही कल्पना तिथे संपली. पत्र्यातून किरण कसे जातात याचंही उत्तर मिळालं, अणूपेक्षा इतका लहान कण अणूंच्या मधून जाऊ शकतो. थॉमसनला १९०६ चं नोबेल मिळालं, आणि त्याच्या मुलाला, जी. पी. थॉमसनला, १९३७ मध्ये इलेक्ट्रॉन तरंगासारखाही वागतो हे दाखवल्याबद्दल.

मधेच १८९५ च्या नोव्हेंबरात व्युर्झबर्गला राँटगेन हीच नळी काळ्या कागदात गुंडाळून काम करत असताना दूरचा पडदा चमकला आणि क्ष-किरण सापडले, वेगवान इलेक्ट्रॉन काच-धातूवर आपटून अचानक थांबले की ते निघतात. तो वेगळा मोठा विषय आहे.

टीव्हीबद्दल मात्र लिहायलाच हवं. १८९७ मध्येच फर्डिनांड ब्राऊनने कॅथोड किरणांची बारीक शलाका चुंबकाने हलवून पडद्यावर रेघ काढणारी नळी बनवली, आणि आपल्या घरातली पिक्चर ट्यूब तिचीच वंशज. मुंबईत दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, आमच्याकडे टीव्ही आला तो त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, शटरवाला ब्लॅक अँड व्हाइट. बंद केल्यावर स्क्रीनच्या मधोमध एक पांढरा ठिपका राहायचा आणि हळूहळू विझायचा, तो पूर्ण जाईपर्यंत मी बघत बसायचो. तो शेवटचा कॅथोड किरण होता हे कॉलेजात गेल्यावर कळलं. मागच्या निमुळत्या मानेत तापलेला कॅथोड, पुढे काही हजार ते वीस-पंचवीस हजार व्होल्ट, वीस हजारांवर इलेक्ट्रॉन सेकंदाला सुमारे ८० हजार किलोमीटरच्या वेगाने स्क्रीनवर येतो, मुंबई ते नागपूर अंतर सेकंदाच्या शंभराव्या भागात. मानेभोवतीच्या कॉइल त्याला डावीकडून उजवीकडे आणि वरून खाली फिरवतात, एका चित्रात ६२५ ओळी, सेकंदाला २५ चित्रं, म्हणजे सेकंदाला १५,६२५ ओळी. लहान मुलांना टीव्ही चालू असल्याची जी बारीक शिट्टी ऐकू यायची ती याच वारंवारितेची. आणि हे सगळं चालतं ते नळी जवळजवळ पूर्ण रिकामी म्हणून. कुठे बारीक गळती झाली, हवा आत शिरली की मोकळी धाव संपली, आणि मेकॅनिक घरातल्या सगळ्यांचे चेहरे पाडणारं वाक्य बोलायचा, पिक्चर ट्यूब गेली. (जुना टीव्ही घरात पडलेला असेल तर तो उघडायचा किंवा फोडायचा प्रयत्न करू नका, आत भार साठलेला राहतो, आणि नळी फुटली तर काचा जोरात उडतात. जुनी ट्यूबलाइट पण फोडू नका, पारा आहे त्यात.)

आता ते आयन, ज्यांचा उलटा प्रवास लक्षात ठेवायला सांगितला होता. ट्यूबलाइट जुनी झाली की टोकं काळी पडतात ना, त्यात या आयनांचा मोठा वाटा आहे, ते फिलामेंटवर आदळत राहतात आणि तिथला लेप, धातू उडून काचेवर बसतो. पण त्यांनी एक फार मोठी गोष्टही दाखवली. गोल्डस्टाइनने १८८६ मध्ये कॅथोडलाच भोकं पाडली, आणि कॅथोडकडे धावत येणारे आयन त्या भोकांतून मागच्या बाजूला निघाले, उजेडाच्या शलाका दिसल्या. इलेक्ट्रॉन सगळीकडे सारखाच होता, हे मात्र गॅसप्रमाणे बदलत होते, कारण हे त्या गॅसचेच अणू होते, इलेक्ट्रॉन गमावलेले. थॉमसनने पुढे यांनाही चुंबक आणि विद्युत पट्ट्यांमधून नेलं, जसं इलेक्ट्रॉनला नेलं होतं तसंच, म्हणजे आता प्रत्यक्ष अणूच तोलता येत होते. १९१२-१३ मध्ये त्याने नळीत निऑन भरला. निऑनचं वस्तुमान रसायनवाल्यांनी २०.२ ठरवलेलं होतं, पण फोटोग्राफीच्या काचेवर २० ला एक रेघ उमटली आणि शेजारी २२ ला दुसरी, फिकट. २०.२ वजनाचा निऑनचा अणू असा नव्हताच, दोन प्रकारच्या अणूंची ती सरासरी होती. त्याचा सहकारी फ्रान्सिस अॅस्टनने १९१९ मध्ये याहून अचूक उपकरण बनवून ते पक्कं केलं, आणि अशा एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंना आपण आज समस्थानिकं म्हणतो. टेस्टरच्या त्या नारिंगी ठिपक्यात दोन्ही आहेत, दर दहा अणूंमागे साधारण नऊ वीसवाले आणि एक बावीसवाला.